धाकटीचे दात, थोरलीचे दात

४ जानेवारी, रविवार

क्लबच्या शर्यतीत आम्ही आठांत सातव्या. आठव्या गाडीचं चाकच निखळून पडलं म्हणून सातव्या, हेही लिहून ठेवते. नव्या वहीची सुरुवात थापेने नको.

गोदामात एवढा गारठा होता की स्टॉपवॉचचं बटण दाबणारं बोट आपलं की परक्याचं ते कळेना. ताई वर चौथऱ्यावर रिमोट घेऊन, मी खाली कडेला. अकरा वर्षं हेच चाललंय. ती चालवते, मी गाडी लावून देते. तिने तीस वर्षं कारखान्यात डोक्यावरची क्रेन चालवली. खाली उभ्या माणसाच्या टोपीला धक्का न लावता लोखंडाचा साचा टेकवायची. दीड किलोची विजेवरची गाडी म्हणजे तिच्या बोटांना पोरखेळ. आज मात्र तीच गाडी दोनदा कडेच्या फळीवर आपटली.

मला वाटतं गियर चुकलाय. क्लबने यंदा ट्रॅक बदललाय. सरळ पट्टा लांब केलाय आणि त्याच्या टोकाला, चौथऱ्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, एक खवचट वळण टाकलंय. जुना हिशेब इथे चालणार नाही. माझं डोकं हल्ली शिणलेलं असतं, म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते. मोटारीच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक असतं, ते मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. क्लबात त्यांना पिनियन आणि स्पर म्हणतात, आमच्या घरात धाकटी आणि थोरली. धाकटीला सव्वीस दात, थोरलीला अठ्ठ्याहत्तर. म्हणजे धाकटीने तीन गिरक्या घ्याव्यात तेव्हा थोरली एक घेणार. घरातही तेच आहे असं मी म्हणते, ताई म्हणते उलट आहे. धाकटीचा एक दात वाढवला की गाडी पट्ट्यावर सुसाट पळते, पण वळणातून उठताना जड होते आणि मोटार तापते. एक कमी केला की चटकन उठते, पण पट्ट्यावर दम संपतो. एवढंच शास्त्र, बाकी सगळी एका दातावरून भांडणं.

सहा दिवस मी प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घासते आणि सातव्या दिवशी गाडीचे दात मोजते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं बावीस वर्षं भरलंय.

आता जे लिहायचं टाळत होते ते. डिसेंबरात आलेल्या पत्राचं मी शुक्रवारी ताईला सांगितलं. इथून बसने सहा तासांवरच्या शहरातली मोठी प्रयोगशाळा, कवळ्यांचा अख्खा विभाग माझ्याकडे, हाताखाली सहा माणसं. फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचंय. ताई म्हणाली, "जा की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" एवढंच. मग कपडे वाळत घालायला गेली.

भावजी गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. मी मनाशी ठरवलंय. गाडी नीट लावून द्यायची, ताईचा रविवार पुन्हा रुळावर आणायचा, मग हो म्हणायचं. गाडी अशी फळ्यांवर आपटत असताना तिला एकटीला टाकून जायचं नाही.

७ जानेवारी, बुधवार

ताई रागावलीय. बोलते नेहमीसारखीच, पण माझ्याकडे बघत नाही. माझ्या कानाकडे बघून बोलते. आज विचारलंच, "कानात काही आहे का माझ्या?" तर म्हणाली, "मळ असेल."

पेपरही सोडलाय तिने. त्याच त्याच बातम्या, कंटाळा आला म्हणते. पूर्वी शब्दकोडं सुटेपर्यंत चहा पुढ्यात थंड व्हायचा. आता मी कामाला निघताना रेडिओ लावून खिडकीशी बसलेली असते. माझ्या जाण्याचं तिने एवढं मनाला लावून घेतलं असेल तर तोंडाने सांगावं ना.

११ जानेवारी, रविवार

आज पंचवीस दातांची धाकटी. तर्क असा की गाडी त्या लांबच्या वळणातून लवकर उठेल. उठली नाही.

मी वेळ तुकड्यातुकड्याने मोजली. पट्ट्याच्या मध्यापर्यंत आपण क्लबातल्या पोस्टमास्तरांच्या बरोबरीने आहोत. टोकाच्या वळणात त्यांच्यापेक्षा पूर्ण एक सेकंद जास्त लागतो. पुढे जवळच्या वळणांत ताई पहिल्यासारखीच, लोण्यातून सुरी फिरावी तशी. म्हणजे जे काही दुखतंय ते त्या एका कोपऱ्यात दुखतंय.

पोस्टमास्तर निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळ्यांच्या गाड्यांवर शिक्का मारत फिरतात. आज म्हणाले, "ताई, गाडी म्हातारी झाली की तुम्ही?" ताई म्हणाली, "तुमच्या टपालापेक्षा अजून लवकर पोचते." सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

निघताना ताई मला म्हणाली, "पट्टी वाकडी चिकटवलीय यंदा. मधेच पोट आल्यासारखी." ट्रॅकच्या कडेची पांढरी पट्टी घड्याळवाला दोरी ताणून चिकटवतो. आमच्या क्लबातला तो सगळ्यात चोख माणूस. मी वाकून पाहिली, सरळ होती. नाचता येईना, अंगण वाकडं, असं मनात आलं.

१४ जानेवारी, बुधवार

ताईला गाडीचं वरचं कवच पिवळं हवंय. इतकी वर्षं आमची गाडी राखाडी, अख्ख्या क्लबाला ठाऊक. "उदास वाटतो गं तो रंग. भडक पिवळा दे."

म्हटलं, "रंगाने वेग येतो का?"

"मला येतो."

कवच पारदर्शक असतं, रंग आतून द्यावा लागतो, एक थर वाळला की दुसरा. कवळ्या घासून हात आधीच भरून आलेले. तरी दिला. ताईने ते दारात उन्हात धरलं, मान कलती करून बघितलं आणि म्हणाली, "हां, आता कशी." माझ्याकडे बघून इतकं गोड ती महिनाभरात हसलेली नाही.

१८ जानेवारी, रविवार

उलट दिशेने जाऊन पाहिलं. अठ्ठावीस दात. वळणात सुधारणा होत नसेल तर निदान पट्ट्यावर तरी कमवू.

सहाव्या. शर्यत संपल्यावर मी मोटारीचा ताप मोजला. अठ्ठावीसवर सत्तर अंशांच्या वर जायला हवा, मी तर पंखा तयार ठेवला होता. भरला एकोणपन्नास. पुन्हा मोजला. एकोणपन्नासच.

पोस्टमास्तर खांद्यावरून वाकून बघत होते. "मोटार तापत नाही म्हणजे बोट दाबत नाही," म्हणाले. "मोटारीला काय झालंय? औषध कुणाला देताय तुम्ही?"

मला राग आला, कारण बरोबर होतं. ताई पट्ट्यावर मधूनच बोट सैल सोडते. गाडी पळायला तयार आहे, तीच पळवत नाही. अकरा वर्षं जिला मी "अगं, जरा दमाने" म्हणून ओरडायचे ती. आता हे का, याचा विचार घरी येईपर्यंत केला आणि जो विचार आला तो मला आवडला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

तो विचार लिहूनच टाकते. ताई मुद्दाम करतेय. गाडी नीट झाल्याशिवाय मी जाणार नाही हे मी बोलले नसले तरी तिने ओळखलंय. मग गाडी नीट होऊच द्यायची नाही.

आज सकाळी तिने चहा ओतला तो अर्धा कपात, अर्धा बशीबाहेर. लक्ष कुठे होतं कोण जाणे. पुसलं मीच. प्रयोगशाळेत एका बाईंची कवळी तिसऱ्यांदा परत आली, चावताना खालचं वर लागत नाही म्हणून. दिवसभर तेच केलं. कंबर मोडून गेली. घरी आले तर ताई म्हणते, "सुईत दोरा ओवून दे गं, तुझे हात बारीक आहेत." माझे हात! पन्नाशी उलटलेल्या बाईचे, प्लास्टरने तडकलेले. इतकं लाडात बोलून पुन्हा माझ्या कानाकडेच बघायचं.

आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची.

१ फेब्रुवारी, रविवार

मागच्या रविवारी ताप होता मला, गेलो नाही. आज गेलो आणि गेलो नसतो तर बरं झालं असतं.

शर्यतीआधी ताई म्हणाली, "चिंगे, दात वाढव."

अकरा वर्षांत आमच्यात या वाक्याचा एकच अर्थ आहे. दात म्हणजे धाकटीचे. थोरलीला आम्ही हात लावत नाही, ती बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते. मला तर आनंदच झाला. म्हटलं, आली बाई शुद्धीवर, आता पळवणार. अठ्ठावीस काढून एकोणतीस टाकले.

दुसऱ्याच फेरीत गाडी पट्ट्यावरून सणसणत गेली आणि टोकाला वळलीच नाही. सरळ फळीत. पुढचा दांडा तुटला, पिवळ्या कवचाला वीतभर चीर.

ताई चौथऱ्यावरून खाली उतरली. "काय केलंस तू?"

"तूच म्हणालीस, दात वाढव."

"थोरलीचे गं! डब्यात शहाऐंशीची पडलीय ना? मला गाडी हळू व्हायला हवी होती."

"हळू? शर्यतीत?"

पोस्टमास्तर आणि घड्याळवाला दोघेही आमच्याकडे बघत होते. ताई तुटलेले तुकडे उचलायला खाली वाकली आणि ट्रॅकच्या गालिचावरून हात फिरवत राहिली. तुकडा तिच्या पायाशीच होता. मी तो उचलला आणि जरा आपटूनच डब्यात टाकला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेला फोन केला आणि हो म्हणून टाकलं. मार्चच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचंय.

रागाच्या भरात केलं हे मला माहीत आहे. पण रागाशिवाय माझ्याच्याने झालंही नसतं. घरी येऊन सांगितलं. ताई म्हणाली, "छान झालं." मग म्हणाली, "खरंच छान झालं, चिंगे." मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, निदान टोमणा तरी मारेल. ती सुटल्यासारखी दिसली. त्याचाही राग आला. काय करावं माझं?

८ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

जायच्या आधी तिला गाडी अगदी नवीन करून द्यायची म्हणून आठवडाभर बसले होते. थोरली झिजली होती, किर्र किर्र करायची, तिचा आवाज गोदामाच्या दारापर्यंत यायचा. नवी थोरली आणली, दात तेवढेच. धाकटी पुन्हा सव्वीसची. दोघींमध्ये अंतर किती ठेवायचं हे कागदाची पट्टी मधे धरून ठरवतात. मी त्याला कवळीचा चावा तपासायचा कागद वापरते, दुहेरी घडी करून. दात दातांत बसवले, स्क्रू आवळला, कागद ओढून काढला. फिरवून पाहिलं तर आवाजच नाही. गालिचावर टायर सळसळतील तेवढीच. बावीस वर्षांच्या कामात असा चावा माझ्या हातून चार-पाचदाच बसला असेल. ताईला काही सांगितलं नाही, म्हटलं तिलाच कळू दे.

शर्यत सुरू झाली. अर्धी फेरी ठीक. मग आमची गाडी पट्ट्याच्या मधोमध हळू झाली आणि थांबली. बाकीच्या सात गाड्या दोन्ही बाजूंनी झपाझप जाताहेत. मी धावत चौथऱ्यावर चढले.

"बंद पडली वाटतं," ताई म्हणाली.

"बंद कुठली? तूच बोट काढलंस. दाब की."

"आवाज येत नाहीये."

"येणार कसा, मी घालवलाय तो. दाब!"

तिने दाबलं. गाडी निघाली. "चिंगे, कुठाय ती?"

"समोर! पट्ट्यावर! पिवळी!"

"कुठे?"

ती बरोबर गाडीकडे बघत होती. तिचा चेहरा, तिचे डोळे, सगळं सरळ गाडीवर रोखलेलं. गाडी तिथे होती आणि तिला दिसत नव्हती. मग तिने मान कलती केली, जशी महिनाभर करतेय, पट्ट्याऐवजी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "हां, सापडली." तेवढ्यात गाडी फळीला लागली.

मी तिच्या हातातून रिमोट घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. गाडी कडेला आणताना तीन फळ्या ठोकल्या मी. कोणी हसलं नाही.

चौथऱ्याच्या पायरीवर बसून ताई म्हणाली, "जुन्या थोरलीची किर्र होती तोवर जमत होतं गं. कानाने कळायचं कुठवर आली ते. लांबच्या कोपऱ्यात नुसता अंदाज."

"कधीपासून?"

"डावा गेल्या उन्हाळ्यापासून. मला वाटलं चष्म्याचा नंबर. मग उजव्यातही सगळं वाकडं दिसायला लागलं. सांगणार होते, तेवढ्यात तू त्या पत्राचं सांगितलंस."

"मग?"

"मग काय? सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

मी विचारलं, माझ्याकडे बघत का नाहीस मग, माझ्या कानाकडे का बघतेस. ती म्हणाली, "सरळ बघितलं की मधोमध डाग येतो. तुझं तोंडच पुसलं जातं. कानाकडे बघितलं की तोंड दिसतं."

पुढे काही लिहवत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

रजा काढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पोरगेलीशी डॉक्टर, पण बोलायला नीट. ताईला चौकटींचा कागद दाखवला आणि रेषा कशा दिसतात विचारलं. ताई म्हणाली, "मधे कुणीतरी बसल्यासारख्या."

डाव्या डोळ्याची मधली नजर गेली. कडेची राहील. उजव्याचं नुकसान थोपवता येईल, डोळ्यात सुई घ्यायची, दर महिन्याला एक, किती महिने ते सांगता येत नाही. मी विचारलं, लवकर आलो असतो तर? ती म्हणाली, गेल्या जुलैत आला असता तर बहुधा दोन्ही डोळे बऱ्यापैकी राहिले असते. डिसेंबरात आला असता तरी उजवा आजच्यापेक्षा बरा असता.

डिसेंबरापासून मी काय केलं? चार धाकट्या, एक थोरली, एक डबा पिवळा रंग. रोग रेड्याला नि औषध पखालीला. सेकंदांत मोजून ठेवलंय मी तिचं न दिसणं, कुठल्या वळणात किती ते सगळं. आणि वर तिलाच खोटारडी ठरवून मोकळी झाले.

पहिली सुई लगेच दिली. ताईने माझा हात असा धरला होता की अजून बोटांचे वळ आहेत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक गोष्ट फक्त इथेच लिहू शकते. डॉक्टर बोलत होती तेव्हा रडू येण्याच्या आधी मला हलकं वाटलं होतं. म्हटलं, सुटले, आता जायला नको. नवं शहर, सहा परकी माणसं, त्यांना हुकूम सोडणं, नाही जमलं तर पडलेलं तोंड घेऊन परत येणं, यातलं काहीच आता करायला नको. कोणी नावही ठेवणार नाही. उलट म्हणतील, बहिणीसाठी राहिली हो बिचारी. त्या पत्राची मला हौस होती तेवढीच भीती होती, आणि लपायला ताईचे डोळे सापडले.

काल चहाच्या वेळी तिला म्हटलं, "मी त्यांना नाही म्हणून कळवते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला एकटीला कसं सोडू?"

"मला शेगडी कळते, नळ कळतो, जिना कळतो. चौदा पायऱ्या आहेत, मोज हवं तर. मला दिसत नाही ते एवढंच, दोरा, पेपर आणि तुझं नाक."

"ताई, थट्टा नको."

"बरं, थट्टा नाही. तू राहिलीस तर मी सुई घेणार नाही."

"ही काय धमकी झाली?"

"धमकीच आहे. तू माझ्यासाठी राहशील, पाच वर्षं कवळ्या घासशील त्या तळघरात आणि एक दिवस माझ्याकडे अशी बघशील की मला कडेच्या नजरेनेसुद्धा दिसेल. ते मला नकोय. त्यापेक्षा दोन्ही डोळे गेलेले परवडले."

दोन तास भांडलो. वर्षानुवर्षांचं निघालं, अगदी लहानपणी कुणी कुणाची वेणी कापली तिथपर्यंत. शेवटी ठरलं ते असं. मी जायचं. दर महिन्याला सुईच्या आदल्या दिवशी यायचं, सुई झाली की दुसऱ्या दिवशी परत. एक जरी सुई चुकली तरी मी नोकरी सोडून येणार आणि मग मरेपर्यंत तिच्या डोक्यावर बसणार. "कबूल," ताई म्हणाली. "पण डबे भरून आणू नकोस. तुझा स्वयंपाक मला डोळे मिटूनही कळतो."

२२ फेब्रुवारी, रविवार

ताई म्हणाली, एकदा नीट चालवू दे. मी जुनी किरकिरणारी थोरली परत बसवली आणि बावीस दातांची धाकटी टाकली. बावीस म्हणजे आमच्या गटात कोणी टाकतच नाही. गाडी पट्ट्यावर फिरायला निघाल्यासारखी जाते.

मी चौथऱ्यावर तिच्या शेजारी उभी राहिले. जवळची वळणं तिची, लांबचा कोपरा माझा. "आली. आली. आता डावीकडे. सोड. दाब." सुरुवातीला मी उशिरा सांगत होते, तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर जमलं. सगळ्या गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. पोस्टमास्तरांनी पाच वेळा ओलांडलं, दर वेळी लांबून वळसा घेऊन. स्वतःचा वेळ वाया घालवून. एरवी ते इंचभर जागा देत नाहीत.

आठांत आठव्या. पाच मिनिटांत एकदाही फळीला लागलो नाही. ताईचा चेहरा घामाने भिजला होता. मी मोटारीचा ताप मोजायला गेले तर म्हणाली, "राहू दे आज. बरोबर आहे हा गियर."

यापुढे रविवारी पोस्टमास्तर तिला न्यायला येतील आणि कोपरा सांगतील. त्यांनी स्वतःहून विचारलं. ताई म्हणाली, "तुम्ही सांगेपर्यंत गाडी पुढच्या गावी पोचेल." पण हो म्हणाली.

१ मार्च, रविवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हेलकावे खातंय.

ताई सोडायला आली. नको म्हटलं तरी आली. स्टँडवर तिने माझी बॅग स्वतः उचलली, पायरीपर्यंत आणून दिली. रडायचं नाही असं दोघींनी ठरवलं होतं आणि दोघींनी पाळलं. "पोचलीस की फोन कर. आणि त्या सहा जणांवर पहिल्याच दिवशी खेकसू नकोस." मी म्हटलं, "सुई बारा तारखेला. मी अकराला येतेय." "माहीत आहे गं. जा आता, ड्रायव्हर बघतोय."

मला डावीकडची खिडकी मिळाली, पाचव्या ओळीत. ताई खाली फलाटावर उभी होती, पोस्टमास्तर जरा मागे. बस सुरू झाली. ताईने मान कलती केली, खिडक्यांवरून नजर फिरवली, आणि तिला मी सापडले. चेहरा एकदम खुलला. हात उंच करून जोरजोरात हलवायला लागली, लहान मुलं हलवतात तसा.

माझ्याकडे नाही. माझ्या पुढच्या खिडकीकडे. तिथे माझ्यासारखाच निळा स्वेटर घातलेल्या एक बाई बसल्या होत्या.

मी काच सरकवली होती. हाक मारायला तोंडही उघडलं होतं. त्या बाई आधी गोंधळल्या, मागे-पुढे बघितलं. मग त्यांनी हात वर केला आणि हलवला. ताई हसली. तोंडाने काहीतरी म्हणालीही, "नीट जा" असेल. पोस्टमास्तरांच्या लक्षात आलं असावं, ते पुढे झाले आणि मग तिथेच थांबले.

मी हाक मारली नाही. हात हलवला नाही. बस फाटकातून वळेपर्यंत त्या दोघी एकमेकींना निरोप देत होत्या.

नंतर मी पुढे वाकून त्या बाईंचे आभार मानले. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही. म्हणाल्या, "अहो, कुणी एवढ्या मायेने हात केला तर आपणही करावा."